मोठी मरळ : केव्हा धरावी, केव्हा सोडावी

विदर्भातील मासळीबाजारात पाण्याच्या घमेल्यात जिवंत वळवळणारा मासा दिसला, तर ती बहुधा मरळ असते. इतर मासे पाण्याबाहेर काढताच काही मिनिटांत मरतात. मरळ अंग ओले राहिले तर तासन्‌तास तग धरते. कल्ल्यांच्या वर असलेल्या एका खास अवयवामुळे तिला थेट हवेतला प्राणवायू घेता येतो. शिवाय काटे कमी, मांस घट्ट. त्यामुळे भाव चढा. पैनगंगेच्या पलीकडच्या तीरावर, तेलंगणात, हिलाच ‘कोर्रमीनु’ म्हणतात आणि त्या राज्याने तिला राज्यमाशाचा मान दिला आहे. महाराष्ट्राने २०२३ मध्ये तो मान पापलेटला दिला. यवतमाळ-वणीच्या खवय्यांचे मत घेतले असते, तर निकाल कदाचित वेगळा लागला असता!

वर्धा आणि पैनगंगा या नद्यांच्या बेचक्यात यवतमाळ जिल्हा वसला आहे. इसापूर, पूस, अरुणावती, बेंबळा ही मोठी धरणे, शहराला पाणी पुरवणारे निळोणा आणि चापडोह, आणि गावोगावचे पाझर तलाव असा येथील पाण्याचा पसारा आहे. मरळीचे खरे घर मात्र धरणाच्या खोल पाण्यात नसते. जेथे पाणी उथळ आणि संथ आहे, तळाशी गाळ आहे, काठाला बेशरमाची झुडपे किंवा पाणकणसाची दाटी आहे आणि कमळाच्या पानांनी पृष्ठभाग झाकला आहे, अशा ठिकाणी ती दबा धरून बसते. बेडूक, लहान मासळी, पाण्यात पडलेला उंदीर, तिला काहीही चालते.

हौशी मासेमारांना मरळीची ओढ वाटते ती या शिकारी स्वभावामुळे. अमेरिकेत हेच स्थान लार्जमाउथ बास या माशाचे आहे. १९३२ मध्ये जॉर्जिया राज्यात जॉर्ज पेरी यांनी पकडलेल्या २२ पौंड ४ औंसांच्या, म्हणजे सुमारे दहा किलोंच्या बासची बरोबरी होण्यास २००९ साल उजाडावे लागले. तीही जपानच्या बिवा सरोवरात. गवताळ पाण्यातील बास पकडण्यासाठी तिकडे जी सामग्री विकसित झाली, ती आज आशियाभर मरळीच्या कुळातील माशांसाठी वापरली जाते. मरळ वजनाने बासची बरोबरी करीत नाही. तीन किलोंची मरळ म्हणजे आयुष्यभर सांगण्याजोगी गोष्ट. पण वनस्पतींच्या दाटीत तिने मारलेली मुसंडी हातातली काठी हिसकावून नेईल अशी असते.

म्हणूनच नाजूक सामग्री येथे कुचकामी ठरते. साडेसहा ते सात फुटांची दणकट काठी, मजबूत रीळ आणि ३० ते ५० पौंड ताण सहन करणारी, वेणीसारखी गुंफलेली दोरी हवी. साधी नायलॉनची दोरी ताणली जाते. वेणीची ताणली जात नाही आणि कमळाचे देठ कापत पुढे सरकते. आमिष म्हणून पोकळ रबरी बेडूक सर्वांत सोयीचा. त्याचे दोन्ही गळ पाठीला चिकटून, टोके वर करून बसवलेले असतात, त्यामुळे तो पानांवरून घसरत जातो आणि अडकत नाही. माशाने जबड्यात दाबला की रबर चेपते आणि गळ उघडे पडतात. खेड्यापाड्यांत जिवंत बेडूक गळाला लावून दोरी खुंटीला बांधून रात्रभर सोडण्याची पद्धत जुनी आहे. मासा त्यानेही लागतो, पण गळ पार पोटात जातो. मग लहान असो की मोठा, तो वाचत नाही.

तंत्राचा निम्मा भाग पाहण्याचा आहे. हवा घेण्यासाठी मरळीला ठरावीक काळाने वर यावेच लागते. संथ पाण्यावर ‘गुळुक’ असा आवाज होऊन वलय उमटले, की ती कोठे आहे हे कळते. बेडूक थेट वलयावर टाकला तर ती बुजते. तो चार-सहा फूट पलीकडे टाकून हळूहळू ओढत आणावा, पानांमधल्या मोकळ्या जागेत आला की क्षणभर थांबवावा. बहुतेक झडपा त्या थांबण्यातच पडतात. आणि येथेच नवख्याची फजिती होते. पाणी उसळताच तो काठीला हिसका देतो आणि रबरी बेडूक हवेत उडून परत येतो. झडप पडल्यावर एक-दोन सेकंद दम धरावा, दोरीवर वजन जाणवू द्यावे, मगच जोरदार हिसका द्यावा. त्यानंतर मात्र उसंत देऊ नये. काठी उंच धरून मासा वनस्पतींच्या वरून ओढत आणावा. त्याने एकदा खाली डोके खुपसले, की गाळ आणि मुळे यांतून त्याला सोडवणे कठीण. दात तीक्ष्ण असल्याने गळ काढायला बोटे नव्हे, पक्कड वापरावी.

यासाठी उत्तम काळ मार्च ते मे. पाणी आटून मासा थोड्या जागेत एकवटतो आणि ऊन तापल्याने चपळ होतो. सकाळी लवकर आणि सायंकाळी तो काठाजवळ येतो.

जूनमध्ये पाऊस सुरू झाला की चित्र पालटते. मरळ वनस्पती बाजूला सारून पृष्ठभागावर मोकळी जागा करते आणि तरंगणारी अंडी घालते. दोन-तीन दिवसांत पिले बाहेर पडतात. नारिंगी-लाल रंगाची शेकडो पिले एकाच झुंडीने फिरतात. वरून पाहिले तर पाण्यात गुलाल कालवल्यासारखे दिसते. त्या झुंडीखाली मोठी मरळ पहारा देत असते आणि जवळ येईल त्यावर तुटून पडते. भूक असो वा नसो, रबरी बेडूक पिलांमधून ओढला की ती झडप घालणारच. म्हणजे एरवी महिनोन्‌महिने हुलकावणी देणारा सर्वांत मोठा मासा या दिवसांत पोरासोरांच्याही हाती लागतो. छायाचित्रांत मिरवल्या जाणाऱ्या अनेक भल्यामोठ्या मरळी अशाच पकडलेल्या असतात. त्यात कौशल्य काय, हा प्रश्न बाजूला ठेवला तरी परिणाम उरतोच : पहारेकरी गेला की इतर मासे आणि पाणपक्षी काही तासांत झुंड फस्त करतात. बासच्या बाबतीतही हेच घडते. तेथे एकटा नर घरट्याची राखण करतो आणि तो उचलला गेला की पिले संपतात. म्हणून विणीच्या काळात बास पकडावा की नाही, यावर तिकडे वर्षानुवर्षे वाद झडत आहेत.

यवतमाळमध्ये या प्रश्नाला पोटापाण्याची बाजू आहे. मोठे तलाव मत्स्यव्यवसाय विभागामार्फत मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्याने दिले जातात. भोई, ढीवर समाजातील कुटुंबांची गुजराण त्यांवर चालते. संस्था कटला, रोहू, मृगळ यांचे बीज विकत आणून सोडते. मरळ मात्र बहुतेक ठिकाणी आपली आपणच वाढते. बीजाचा खर्च नाही आणि बाजारात भाव सर्वांत जास्त, अशी ही फुकटची पुंजी आहे. शहरातून आलेल्या हौशी माणसाने जुलैत उचललेली एक मरळ म्हणजे संस्थेच्या पुढच्या हंगामातील कितीतरी मासळी असू शकते. त्यामुळे गळ टाकण्यापूर्वी संस्थेची परवानगी घेणे हा केवळ उपचार नाही. टिपेश्वर आणि पैनगंगा अभयारण्यांत तर गळ टाकताच येत नाही. सुरुंग किंवा विष वापरून मासे मारणे १८९७ च्या भारतीय मत्स्यव्यवसाय कायद्यापासूनच गुन्हा आहे.

पकडलेली मरळ परत सोडायची असेल, तर ती इतर माशांपेक्षा सोपी. गळाचा उलटा काटा आधीच पकडीने दाबून टाकावा, हात ओले करावेत, मासा कोरड्या मातीवर आपटू देऊ नये, कारण अंगावरचा चिकट थर गेला की त्याला रोग जडतात. पाण्यात सोडताना श्वासासाठी त्याला कल्ल्यांवर अवलंबून राहावे लागत नाही. वर येऊन एक घोट हवा घेतली की तो दिसेनासा होतो. पिलांचा लाल रंग फिका होऊन ती पांगू लागेपर्यंत गवताळ काठ मोकळाच सोडावा. तोवर हात शिवशिवत असतील, तर धरणाच्या मोकळ्या पाण्यात, संस्थेला विचारून, पिठाच्या गोळ्यावर रोहू-कटला आहेतच.