पहिला क्रमांक गुणवत्तेचा की बोलीचा?

गोंदिया हा धानाचा जिल्हा. कामठ्यासारख्या गावातील एखाद्या शेतकऱ्याचा पंप ऐन हंगामात बंद पडला, तर आज तो मोबाइलवर दुरुस्ती करणारा शोधतो आणि यादीतील सर्वात वरच्या नावाला फोन लावतो. वरचे नाव म्हणजे उत्तम कारागीर, असा त्याचा समज असतो. प्रत्यक्षात ते स्थान अनेकदा विकत घेतलेले असते.

इंटरनेटच्या आरंभी याद्या वेगळ्या रीतीने तयार होत. 'याहू'ने १९९४ मध्ये सुरू केलेल्या सूचीत संकेतस्थळे माणसे तपासून विषयवार लावत असत. १९९८ मध्ये अमेरिकेतील 'गोटू डॉट कॉम'ने जागेचाच लिलाव मांडला. व्यावसायिकाने एखाद्या शब्दासाठी बोली लावायची, ज्याची बोली मोठी त्याचे नाव वर, आणि ग्राहकाने नावावर क्लिक केले तरच पैसे द्यायचे. पुढे 'ओव्हर्च्युअर' हे नाव घेतलेली ही कंपनी 'याहू'ने २००३ मध्ये विकत घेतली.

या पद्धतीत केवळ पैशाला महत्त्व होते. 'गूगल'ने २००२ मध्ये तीत बदल केला. समजा, एका दुकानदाराची बोली दहा रुपये आहे आणि त्याची जाहिरात शंभरापैकी एक जण उघडतो. दुसऱ्याची बोली पाच रुपये, पण त्याची जाहिरात तिघे उघडतात. पहिल्याचा गुणाकार दहा, तर दुसऱ्याचा पंधरा. त्यामुळे कमी बोलीचा दुकानदार वर जातो. शिवाय विजेत्याला आपली पूर्ण बोली भरावी लागत नाही. खालच्या स्पर्धकाला मागे ठेवण्यापुरतीच रक्कम पुरते.

भारतात १९९६ मध्ये मुंबईत दूरध्वनीवरून सुरू झालेल्या 'जस्टडायल'सारख्या सेवेतही पैसे भरणाऱ्या व्यावसायिकांना यादीत अग्रक्रम मिळतो. यात बेकायदा काही नाही. जाहिरातीवर चालणारी सेवा ग्राहकाला फुकट मिळते आणि नव्या व्यावसायिकालाही पुढे येण्याची संधी लाभते. मात्र मोठ्या बोलीपुढे छोट्या गावातील कुशल कारागिराचे नाव तळाशी जाते. बोलीचा खर्चही अखेर ग्राहकाच्याच बिलातून वसूल होण्याची शक्यता असते.

खरा प्रश्न पारदर्शकतेचा आहे. गोंदिया परिसरात तेंदूपत्त्याचा लिलाव होतो, तेव्हा तो लिलाव आहे हे सर्वांना ठाऊक असते. यादीतील लिलाव मात्र वाचणाऱ्याला दिसत नाही. म्हणूनच अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २००२ मध्ये सर्च इंजिनांना पैसे घेऊन दाखवलेले निकाल स्पष्टपणे वेगळे दाखवण्यास सांगितले. भारतातही २०२० च्या ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियमांनुसार, अनेक विक्रेत्यांना एकत्र आणणाऱ्या ई-बाजारपेठांनी वस्तूंचा व विक्रेत्यांचा क्रम कशावर ठरतो, हे सोप्या भाषेत सांगणे बंधनकारक आहे.

तरीही सावधगिरी ग्राहकानेच बाळगायला हवी. नावाजवळ 'प्रायोजित', 'स्पॉन्सर्ड' किंवा 'जाहिरात' असा बारीक शब्द आहे का, ते पाहावे. खालच्या दोन-तीन नावांकडेही दर विचारावा आणि गावात कोणी त्यांच्याकडून काम करून घेतले आहे का, याची चौकशी करावी. बोलीने फक्त जागा मिळते. पंप दुरुस्त होतो तो कारागिराच्या हातानेच.