मलबारी हॉटेल : शारजाची खानावळ

"आज जेवायला कुठे जायचे?" या प्रश्नाला शारजातल्या मराठी कुटुंबांची उत्तरे ठरलेली असतात. करामा, बर दुबई, नाहीतर एखाद्या मॉलमधले फूड कोर्ट. औद्योगिक क्षेत्राचे नाव कोणी घेत नाही. तिकडे आपण जातो ते नोकरीला, गाडीचे डेंटिंग-पेंटिंग करून घ्यायला किंवा क्रिकेट पाहायला. सचिन तेंडुलकरने एप्रिल १९९८ मध्ये तीन दिवसांत दोनदा ऑस्ट्रेलियाला धुऊन काढले, ते मैदान औद्योगिक क्षेत्र क्रमांक ५ मध्येच आहे. पण सामना पाहून परतणाऱ्यांपैकी मैदानामागच्या गल्लीत पाने वाढून बसलेल्या मंडळींत जाऊन जेवले असतील असे फार थोडे.

खरे तर शारजात आपल्या लोकांना कळेल असे जेवण कुठे असेल, तर ते इथे आहे. या भागात क्षेत्रांना नावे नाहीत, क्रमांक आहेत. रस्तेही क्रमांकांचेच. पत्ता सांगायचा तर नॅशनल पेंट्सपासून किती पुढे, कोणत्या टायरवाल्याच्या शेजारी, असा सांगावा लागतो. गोदामे, लेथची कामे, सुतारखाने, भंगाराची दुकाने, आणि दर एक-दोन गल्ल्यांआड एक खाण्याचे ठिकाण. पाकिस्तानी हॉटेले तंदूरवरून आणि दाराशी लागलेल्या टॅक्सी-ट्रकांवरून ओळखू येतात. बांगलादेशी हॉटेलात भात, भर्ता आणि गोड्या पाण्यातले मासे. पण सर्वांत जास्त डोळ्यांत भरतात ती केरळी माणसांची, ज्यांना इथे सगळेच सरसकट मलबारी म्हणतात. त्यांच्यात दोन प्रकार. 'कॅफेटेरिया' म्हणजे चहा, ज्यूस, सँडविच आणि पोरोट्टा. बाहेर गाडी थांबवून हॉर्न वाजवला की पोरगा धावत येतो. 'रेस्टॉरंट' म्हणजे भात, मासळी आणि टेबलखुर्ची.

चहाची एक गंमत सांगण्यासारखी आहे. सगळ्या आखातात ज्याला 'करक' म्हणतात तो शब्द आपलाच 'कडक' आहे. अरबीत 'ड' नाही, म्हणून त्याचा 'र' झाला. ताजे दूध सहज मिळत नव्हते त्या काळात डब्यातले आटवलेले दूध वापरण्याची पद्धत पडली, आणि आता ताजे दूध शेजारच्या बकाल्यात मिळत असूनही त्या डब्याच्या दुधाशिवाय चहाला करकपणा येत नाही. बरीच वर्षे हा चहा एक दिरहमला मिळे. उलट 'शारजा शेक' म्हणून जे केरळात प्रसिद्ध आहे, ते गोठवलेले दूध, केळे आणि साखर यांचे पेय शारजाचे नव्हेच. ते कोळिकोडचे. १९८४ पासून इथे क्रिकेटचे आंतरराष्ट्रीय सामने सुरू झाले, आणि त्या दिवसांत शारजा हे नाव तिकडे घरोघरी पोचले होते.

ही माणसे इथे आली कशी? १९६० च्या दशकात केरळहून लाँचमधून निघालेले अनेक जण शारजाच्याच ताब्यातील खोरफक्कनच्या किनाऱ्यावर उतरले. त्या काळी इथे भारतीय रुपया चाले. आखातासाठी छापलेला वेगळा रुपया १९६६ पर्यंत होता आणि दिरहम आला १९७३ मध्ये. हॉटेलधंद्यात विशेषकरून उत्तर केरळातली माणसे शिरली. कोळिकोडच्या उत्तरेला नादापुरम, कुट्टियाडी हा जो टापू आहे, तिथल्या कित्येक घरांतले कोणी ना कोणी आखातात कॅफेटेरिया चालवते. मुंबईत उडप्यांनी केले तेच. एकाने दुकान टाकायचे, भाच्याला बोलवायचे, भाचा तयार झाला की त्याने पुढच्या गल्लीत दुसरे टाकायचे.

मला मात्र ही हॉटेले पाहून उडप्याची आठवण होत नाही, गिरणगावातल्या खानावळीची होते. उडप्याकडे गिऱ्हाईक हौसेने जाते. खानावळीत जातो तो घर गावाला ठेवून आलेला माणूस. लालबाग-परळात रत्नागिरी-साताऱ्याकडच्या गिरणी कामगारांना चाळीतल्या बायका महिन्याच्या बोलीवर जेवू घालत आणि पैसे पगाराच्या दिवशी घेत. संप झाला की बिले थकत, पण ताटे वाढणे थांबवता येत नसे. मग सावकाराचे दार. या बायकांना बँकेचे कर्ज मिळवून देण्यासाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. घरचा माणूस जेवायला वाढतो त्याची किंमत बँकेला कळावी, यासाठी संघटना काढावी लागली, ही गोष्ट मला नेहमी विलक्षण वाटते.

शारजात तीच रीत आहे, फक्त बायकांच्या जागी पुरुष आहेत. याला इथे 'मेस' म्हणतात. महिन्याची रक्कम ठरलेली, वही गल्ल्याशेजारी. कंपनीचा पगार लांबला की वही लांबते. २००९ मध्ये सरकारने पगार बँकेमार्फतच देण्याची पद्धत आणली, तेव्हापासून पगार थकला तर तो सरकारी नोंदीत दिसतो. त्याआधी सगळा मामला रोखीचा होता. तरीही कंपनी बुडाली की पहिला फटका बसतो तो या वहीला. कामगाराला परत पाठवले जाते, वही तिथेच राहते. कोणत्याही जुन्या हॉटेलवाल्याला विचारा, अशी दोन-चार पाने त्याच्याकडे निघतील.

मेसचे दुसरे दुखणे डब्याचे आहे, आणि आपल्यापैकी जे साइटवर माणसे घेऊन काम करतात त्यांनी ते समजून घेण्यासारखे आहे. दुपारचा डबा पहाटे भरला जातो, कारण साइटची बस उजाडायच्या आत सुटते. म्हणजे भात मध्यरात्रीनंतर शिजलेला आणि खायचा दुपारी. शिजलेले अन्न साठ अंशांच्या वर गरम किंवा पाच अंशांच्या खाली थंड ठेवावे, असा नियम आहे. मधल्या तापमानात जंतू भराभर वाढतात. भातातल्या एका जंतूचे बीजाणू तर शिजवूनही मरत नाहीत, आणि त्याने केलेले विष पुन्हा गरम करूनही जात नाही. आता बाहेर पंचेचाळीस अंश असताना बसच्या टपाखाली सहा-सात तास पडलेल्या डब्याचा विचार करा. १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उन्हात काम करायला कायद्याने बंदी आहे. ती विश्रांती माणसाला मिळते, डब्याला नाही. अनुभवी आचारी म्हणून डब्यात नारळाची पातळ कढी देत नाहीत. आंबट मासळी, कोरडी उसळ, लोणचे असे देतात. पण हा हुशारीचा इलाज झाला, खरा इलाज सावलीची जागा आणि एक साधा फ्रिज एवढाच आहे, आणि तो देणे हॉटेलवाल्याच्या हातात नसते. आपल्या हातात असते.

आता पानाकडे वळू. केरळी हॉटेलात दुपारी 'ऊण' मागायचे, म्हणजे पूर्ण जेवण येते. जाड, लालसर उकडा भात, सांबार, एखादी सुकी भाजी, पापड, ताक, आणि भात मागाल तितका. मासळीची नावे कळली की निम्मे काम झाले. मत्ती म्हणजे तारली, अयला म्हणजे बांगडा, आवोली म्हणजे पापलेट, चेम्मीन म्हणजे कोळंबी. सुरमईला ते अयकूरा म्हणतात आणि अरब कनाद. लाल रश्शात काळी, धुरकट वासाची फोड लागेल ती कुडमपुळी, आपल्या आमसुलाची चुलत बहीण. मालवणी माणसाला ती पहिल्या घासाला ओळखू येते. न खाणाऱ्यांसाठी सकाळी पुट्टू आणि काळ्या चण्यांची उसळ, संध्याकाळी पिकल्या केळ्याची भजी. जेवणानंतर सुलैमानी, म्हणजे लिंबू पिळलेला कोरा चहा.

बहुतेक ठिकाणी 'फॅमिली रूम' असते. माडीवर किंवा आतल्या बाजूला पडदे लावलेले कप्पे. बायकामुलांची सोय म्हणून ती योग्यच आहे. बाहेर शंभर पुरुष जेवत असतात आणि सगळे एकदम मान वर करून बघतात, हेही खरे. पण आपल्यातले पुरुष एकटे आले तरी सरळ पडद्याआड जाऊन बसतात, त्याचे कारण मला पटत नाही. बाहेर बसलेला असतो तो सकाळी आपल्याच शॉपफ्लोअरवर सलाम करणारा फिटर, आपल्याच गाडीचा ड्रायव्हर. भगोणे एक, मासळी एक, आचारीही एक. दर मात्र कधी कधी पडद्याआड चार दिरहम जास्त असतो. हॉलमध्ये टेबल रिकामे नसेल तर अनोळखी माणसांत बसायची इथे रीत आहे. बसून पाहा. कोणी काही विचारत नाही. जरा सरकतात, पाण्याचा जग आपल्याकडे ढकलतात आणि पुन्हा जेवायला लागतात.

ही हॉटेले आहेत तशी राहतील असे दिसत नाही. कामगारांच्या मोठ्या वसाहती आता शहराबाहेर सजाकडे उभ्या राहिल्या आहेत. तिथे कंत्राटदाराचे मोठे स्वयंपाकघर असते, जेवण पगारातच धरलेले असते आणि वहीची भानगड नसते. सोय आहे, नाही म्हणत नाही. कमी तिखट हवे, मासळीऐवजी अंडे हवे, आज ताप आहे तर पेज हवी, हे त्या खिडकीशी सांगता येत नाही, एवढेच.

जायचे असेल तर शुक्रवारी जुम्म्याच्या नमाजाआधी किंवा एकदम अडीचनंतर जा. मधल्या वेळात बिर्याणीसाठी रांग असते. ती बिर्याणी बारीक दाण्याच्या तांदळाची असते, बासमतीची नव्हे. बिल टेबलावर येत नाही. हात धुऊन गल्ल्यावर जायचे, काय खाल्ले ते आपणच सांगायचे आणि तो ऐकून आकडा सांगतो.