दहा मुक्काम काठावरचे

इब्न बतूता म्हटले की आपल्याला वाळवंट आणि उंटांचे काफिले आठवतात. केरळच्या नदी-खाड्यांतून होडीने त्यांनी केलेला दहा दिवसांचा प्रवास मात्र मुलांना क्वचितच सांगितला जातो.

इ. स. १३४२ च्या सुमारास सुलतान मुहम्मद बिन तुघलकाचे वकील म्हणून ते चीनला निघाले होते. आपल्या दौलताबाद-नंदुरबारवरून ते खंबायतला गेले आणि पुढे समुद्रमार्गे कालिकतला पोहोचले. जुम्म्याच्या नमाजसाठी ते किनाऱ्यावर थांबले आणि नंतर तुफान उठले. नजराणे भरलेले जहाज फुटले, सोबती बुडाले. सामान असलेले दुसरे जहाज खलाशांनी शिडे उभारून दूर नेले. सुलतानाच्या वकिलाजवळ उरले दहा दीनार आणि अंगाखालचा गालिचा.

ते जहाज कोल्लमला लागेल, असे कोणीतरी सांगितले. म्हणून ते आतल्या जलमार्गाने निघाले. गालिचा वाहायला एक मुसलमान मजूर घेतला.

त्या भागातली रीत अशी की दिवसभर होडी चालायची, संध्याकाळी सगळे उतरून काठच्या गावात झोपायचे आणि सकाळी पुन्हा होडीत. काठावर दालचिनी आणि पतंगाची झाडे इतकी होती की लोक तीच सरपणाला वापरत. आपण पुलावात दालचिनीचा एक तुकडा मोजून टाकतो. त्यांचे जेवण दालचिनीच्या लाकडावर शिजत होते! पाचव्या दिवशी डोंगरावर यहुद्यांची वस्ती लागली. त्यांचा स्वतःचा अमीर होता.

होडीत दुसरा मुसलमान नव्हता, फक्त तो मजूर. आणि इब्न बतूतांनी तक्रार नोंदवली ती त्याचीच. काठावर उतरला की तो इतरांबरोबर दारू प्यायचा आणि भांडण काढायचा. सफरनाम्यातली ही ओळ मी वर्गात मुद्दाम वाचून दाखवते. दीनी भाऊ म्हणून सोबत घेतलेल्याचाच ताप झाला, हे त्यांनी लपवले नाही.

मलबारच्या रस्त्याबद्दलची त्यांची आणखी एक नोंद मला मोलाची वाटते. तिथले बिगरमुस्लिम लोक मुसलमानांना घरात घेत नसत, आपल्या भांड्यात जेवू घालत नसत. पण प्रत्येक मुक्कामाला मुसलमानांची घरे होती. ती मुसाफिरांना उतरवून घेत, हवे ते आणून देत, रांधून वाढत. ही घरे नसती तर मुसलमानाला तिथे प्रवासच करता आला नसता, असे ते स्पष्ट लिहितात. त्या घरांतल्या कोणाचेही नाव सफरनाम्यात नाही. रात्री-अपरात्री आलेल्या पाहुण्यासाठी चूल पुन्हा पेटवणाऱ्या आपल्या आजी-नानींची नावे तरी कुठे लिहिली जातात?

आज कोल्लम ते कोझिकोड (जुने कालिकत) हा ३६५ किलोमीटरचा मार्ग राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक ३ आहे. पर्यटकांच्या हाउसबोटी संध्याकाळी नांगर टाकतात, कारण रात्री पाणी मच्छीमारांच्या जाळ्यांचे असते. मात्र पर्यटक होडीतच जेवतात, होडीतच झोपतात. काठावरचे गाव त्यांना खिडकीतून दिसते तेवढेच. कधी गेलात तर नांगर पडल्यावर मुलांना घेऊन थोडे खाली उतरा.

दहाव्या दिवशी इब्न बतूता कोल्लमला पोहोचले. शहरात मुसलमान व्यापारी होते, जामा मशीद होती. जहाज मात्र आले नाही. पुढे बातमी कळली, ते सुमात्राला लागले होते आणि तिथल्या राजाने सारे सामान ताब्यात घेतले होते.