रक्ताची गोष्ट : ७. काटा मोडला की

मागच्या आठवड्यात तांबड्या पेशी पाहिल्या. आज पांढऱ्या.

कपास वेचायला गेलेल्या बाईच्या पायात बांधावरच्या बाभळीचा काटा मोडतो. पारोळा-अमळनेरपासून पार शिंदखेड्यापर्यंत ही नेहमीची गोष्ट. टोक आत राहतं, बाई काम उरकूनच घरी येते. रात्री पाय ठणकतो, सकाळी तळवा लाल, गरम, सुजलेला. दोन दिवसांत जांघेत अवधाण.

आत काय घडलेलं असतं? काट्याबरोबर माती आणि जिवाणू शिरतात. तिथल्या मास्ट पेशी हिस्टामिन सोडतात, बारीक रक्तवाहिन्या रुंदावतात, झिरपू लागतात. लाली, ऊब आणि सूज त्यातूनच. त्या जागी वाहिनीचं आतलं अस्तर चिकट होतं. रक्ताच्या ओघात चाललेली न्यूट्रोफिल ही पांढरी पेशी तिथं अडखळते, भिंतीला घासत गडगडते, थांबते आणि अस्तरातल्या फटीतून अंग चोरून बाहेर पडते. काही तासांत तिथं त्यांची झुंबड उडते. त्या जिवाणू गिळतात आणि तिथंच मरतात. पुवात बराचसा भरणा त्यांच्याच मढ्यांचा. दिवस-दोन दिवसांनी मोनोसाइट येतात, त्यांच्या मॅक्रोफेज होतात आणि राडा साफ करतात. काट्याचं टोक मात्र त्यांनाही गिळवत नाही, म्हणून आत राहिलेला काटा महिनोन् महिने सलतो.

हे कळलं तेही काट्यामुळेच. १८८२ मध्ये इटलीतल्या मेसिना इथं इल्या मेच्निकोव्ह यांनी तारामाशाच्या पारदर्शक अळीत गुलाबाचा काटा खुपसून ठेवला. दुसऱ्या दिवशी काट्याभोवती फिरत्या पेशींचा गराडा! १९०८ चं नोबेल त्यांना पॉल एर्लिश यांच्यासोबत मिळालं.

आता रक्ततपासणीच्या रिपोर्टकडे. सीबीसीत पांढऱ्या पेशी घनमिलिमीटरला साधारण ४ ते ११ हजार असतात. आकडा १५ हजारांवर गेला की घरचे धास्तावतात. पण मोजल्या जातात त्या फक्त वाहत्या रक्तातल्या. रक्तवाहिन्यांतल्या जवळपास निम्म्या न्यूट्रोफिल भिंतीला टेकून असतात. नुसती दमछाक झाली तरी त्या सुटतात नि आकडा चढतो. स्टेरॉइडनेही चढतो, आणि ते जास्त वाईट. पेशी भिंतीला धरतच नाहीत, म्हणून रिपोर्टात वाढलेल्या दिसतात अन् जखमेपर्यंत कमी पोचतात. सूज उतरते, जिवाणू तिथंच. मेडिकलवरची ‘सुजेची गोळी’ स्टेरॉइडची असू शकते; नुसती ती जाऊन मागणं मला म्हणूनच घातक वाटतं.

काटा मोडलाच तर आधी तो नीट काढून घ्या, धनुर्वाताच्या इंजेक्शनचं डॉक्टरांना विचारा. मधुमेह असेल तर एक दिवसही अंगावर काढू नका. साखर वाढलेली असली की न्यूट्रोफिल मंदावतात.

पुढच्या आठवड्यात : सातपुड्याच्या पाड्यांवरचा सिकलसेल.