काटा आणि फीत

स्थूलपणा म्हटला की आपली दृष्टी वजनकाट्याकडे वळते. परंतु काटा सारेच सांगत नाही. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे छायाचित्र २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले. उंचीच्या मानाने दोघांचे वजन सारखेच. पण शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिकांची २१.२ टक्के! सडपातळ भारतीय देहातही चरबी दडून राहते, ती अशी.

पोटात व यकृतात ती साठली, की इन्सुलिनचे कार्य मंदावते आणि मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार यांना वाट मिळते. म्हणून शिंप्याची फीत घ्यावी. श्वास सोडून, शेवटची बरगडी व कमरेचे हाड यांच्या मध्यावर मोजावे. भारतीय पुरुषाचे माप ९० आणि स्त्रीचे ८० सेंटिमीटरांच्या आत असावे.

ते अधिक भरले तरी निराश होऊ नये. एकादशी असो वा लेंटचा उपवास, एक दिवस पोट मारून दुसऱ्या दिवशी ताट भरण्यात लाभ नाही. रोजच्याच ताटात भात, तेल, साखर थोडी कमी आणि डाळ-भाजी अधिक असावी. आठवड्यातून १५० मिनिटे झपझप चालावे. स्थूल माणसाचे वजन ५ ते १० टक्के उतरले, तरी रक्तातील साखर व रक्तदाब सुधारतात.