विसराळूपणा म्हणजे नुसते टेन्शन नव्हे

"डॉक्टर, वडील जेवून उठतात आणि जेवलोच नाही म्हणतात. टेन्शनमुळेच ना?" हिंजवडीच्या माझ्या दवाखान्यात हा प्रश्न वरचेवर येतो.

ताण आला की मूत्रपिंडावरील ॲड्रिनल ग्रंथी कॉर्टिसॉल हे संप्रेरक रक्तात सोडतात. मेंदूतील हिप्पोकॅम्पस हा भाग नव्या आठवणी साठवतो. त्याच्या पेशींत हे संप्रेरक ओळखणारे 'रिसेप्टर' भरपूर असतात. ब्रूस मॅकइवेन यांनी ते १९६८ साली उंदरांत दाखवले. टाकी भरली की तरंगता बॉल पाणी बंद करतो, तसे हे रिसेप्टर "आता पुरे" असा निरोप देतात. ताण फार काळ राहिला तर ते कमी होतात, असे प्राण्यांवरील प्रयोगांत दिसले. मग निरोप दुबळा पडतो आणि कॉर्टिसॉल वाढलेलेच राहते.

अल्झायमरमध्ये हाच भाग लवकर झिजतो. अनेक रुग्णांत कॉर्टिसॉलही जास्त आढळते. मात्र ते आजाराचे कारण की परिणाम, याचा निकाल अजून लागलेला नाही.

म्हणून वाचकहो, टेन्शन म्हणून सोडून देऊ नका. एका आजोबांना मीही तसेच परत पाठवले होते. पुढे तपासणीत बी-१२ जीवनसत्त्व कमी निघाले. इंजेक्शनांनी बराच फरक पडला. थायरॉईडचा विकार आणि नैराश्य यांनीही विस्मरण होते, आणि त्यांवर उपचार आहेत. आधी तपासणी करा. पुरेशी झोप, रोजचे चालणे, रक्तदाब व साखरेवर ताबा हे तर सर्वांनीच पाळावे.