तेलही गेले, तूपही गेले, हाती खारी आली

मी शाळेत असताना, 2016 साली, माझ्या वडिलांना हृदयविकाराचा झटका आला. सुदैवाने ते त्यातून बचावले. घरी सोडताना डॉक्टरांनी ‘तेलकट-तुपकट बंद’ एवढेच सांगितले आणि आमच्या स्वयंपाकघरावर अवकळा आली. भातावरची तुपाची धार थांबली, फोडणी नावापुरती उरली, शेंगदाण्याची आणि जवसाची चटणी फडताळातून हद्दपार झाली. चालू राहिली ती एकच गोष्ट : चहाबरोबरची खारी. खारी कोरडी, कुरकुरीत. ती कसली तेलकट, असा आईचा हिशेब! तो हिशेब चुकला होता, हे आम्हाला फार उशिरा कळले. कसा चुकला, ते सांगण्यासाठी हा लेख. मी कला शाखेची विद्यार्थिनी; विज्ञानाच्या जाणकारांनी सांभाळून घ्यावे.

स्निग्ध पदार्थ शरीराला लागतातच. अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वे त्यांच्याखेरीज नीट शोषली जात नाहीत आणि काही मेदाम्ले तर शरीराला स्वतः तयारच करता येत नाहीत. एका ग्रॅममागे 9 उष्मांक मिळतात, म्हणून हात राखून वापरावे हे खरे. पण ‘किती’ या प्रश्नाइतकाच ‘कोणते’ हा प्रश्न महत्त्वाचा आहे.

मेदाम्ल म्हणजे मुख्यतः कार्बनच्या अणूंची साखळी. या साखळीने धरता येतील तेवढे सगळे हायड्रोजन धरले असतील तर ती संपृक्त. अशा साखळ्या सरळ असतात आणि काडेपेटीतल्या काड्यांसारख्या एकमेकींना लागून बसतात. तुपात आणि खोबरेल तेलात त्या पुष्कळ असतात, म्हणून थंडीत दोन्ही थिजतात. काही हायड्रोजन कमी असले की तेथे दुहेरी बंध तयार होतो आणि साखळीला बाक येतो. वाकड्या काड्या पेटीत नीट बसणार कशा? म्हणून करडईचे तेल वाहते राहते. 18 कार्बनचे संपृक्त स्टिअरिक आम्ल सुमारे 69 अंश सेल्सिअसला वितळते. तेवढ्याच कार्बनचे, पण एक बाक असलेले ओलेइक आम्ल सुमारे 13 अंशांना. संपृक्त मेदामुळे रक्तातले एलडीएल, म्हणजे रोहिण्यांच्या भिंतींत साचणारे कोलेस्टेरॉल, वाढते. त्याच्या जागी असंपृक्त तेल घेतले तर ते घटते.

आता खारीकडे वळू. विल्हेल्म नॉर्मान या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने 1902 साली पातळ तेलात हायड्रोजन भरून ते घट्ट करण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले. आपल्याकडे 1937 मध्ये ‘डालडा’ बाजारात आला आणि पुढे त्या एका छापाचे नाव सगळ्याच वनस्पती तुपाला चिकटले. साजूक तूप ज्यांना परवडत नव्हते, त्यांच्या घरीही आता सणाला काही रवाळ, पांढरे दिसू लागले. बेकरीवाल्यांना तर ते वरदानच वाटले असणार, कारण खारीचे पापुद्रे सुटे राहायला घट्ट स्निग्ध पदार्थच लागतो. गंमत अशी की सरकारचे लक्ष वनस्पतीवर होते, पण वेगळ्या कारणाने. त्यात 5 टक्के तिळाचे तेल घालण्याची सक्ती होती. तुपात वनस्पतीची भेसळ झाली की रासायनिक परीक्षेत गुलाबी-लाल रंग उमटून चोरी उघडी पडावी म्हणून! काळजी होती ती तुपाच्या शुद्धतेची.

हृदयाची काळजी मागाहून आली. हायड्रोजन अर्धवट भरला की काही दुहेरी बंध शिल्लक राहतात, पण त्यांची ठेवण उलटते आणि साखळीचा बाक जवळजवळ जातो. ओलेइक आम्लाचेच हे दुसरे रूप, इलेडिक आम्ल : अणू तेच, तितकेच, पण वितळते सुमारे 45 अंशांना. यालाच ट्रान्स मेद म्हणतात. 1990 साली मेन्सिंक आणि काटान या डच संशोधकांनी दाखवून दिले की हा मेद एलडीएल वाढवतोच, शिवाय एचडीएल हे उपकारक कोलेस्टेरॉल घटवतो. म्हणजे दुहेरी नुकसान. डेन्मार्कने 2003 मध्ये त्यावर कायद्याने मर्यादा घातली. भारतात ती 2021 साली 3 टक्के आणि 1 जानेवारी 2022 पासून 2 टक्के झाली.

आमच्या घरची खारी 2016 ची, सुटी, वर्तमानपत्रात बांधून आणलेली. तिच्यात काय होते हे सांगणारी चिठ्ठी तिच्यावर असणार कुठून? बाबांच्या झटक्याला खारीच कारण होती असे मी म्हणत नाही. त्यांची तंबाखूही होती. पण ज्या जवसाच्या तेलात निम्म्याच्या आसपास ओमेगा-3 जातीचे मेदाम्ल असते, त्या जवसाची चटणी आम्ही काढून टाकली आणि खारी ठेवली, हे काही केल्या मनातून जात नाही. आता नव्या नियमांमुळे ट्रान्स मेद कमी झाला असला, तरी घट्ट वनस्पतीत संपृक्त मेद भरपूर असतोच, हे आईला समजावायला मला दोन रविवार लागले.

आता फोडणी शेंगदाण्याच्या तेलाची, मोजून. तळणीचे उरलेले तेल पुन्हा कढईत जात नाही. पुरणपोळीच्या दिवशी बाबांना चमचाभर तूप मिळते. जवसाची चटणी फडताळात परत आली आहे. बेकरीवरून जाताना बाबांची चाल मात्र अजून मंदावते.